राशीमागची हजेरी

नाय सायेब, तुमची नजर बरोबर हाय — अक्षर त्याचंच, कमळाकराचंच. तक्रार त्याच्यावर आन् अक्षर पण त्याचंच, हे कसं काय, हेच विचारताय ना? सांगतो, सगळं सांगतो, पण आदी बसा तुमी. ही खुर्ची घ्या — डाव्या अंगाला झुकू नका, तिचा तो पाय आखूड हाय. गोदू, चहा टाक गो सायबांना. कुंड्या बघू की सावकाश, मीठ कुठं पळून जातंय? आन् बाहेर ऊन बघा कसं पेटलंय, मिठावरनं उलटं डोळ्यात येतं, मुंबईच्या माणसाला घटकेत भोवळ आणतं. बसा. हां. तर त्या कागदाच्या खाली निळ्या शाईचा अंगठा हाय ना, जरा फाकलेला — तो माजा. जगन मुकादम, ऱ्हाणार गव्हाण, तीस वर्सं झाली ह्या आगरावर मीठ ओढतोय आन् ओढवून घेतोय. तक्रार मी केली. आता मला लिवता येत नाय, आन् ह्या आगरावर लिवता येणारा माणूस एकच, तुमच्या वडलांनी दिवाळीनंतर आणून बसवलेला हा बी. ए. कारकून. मंग मी तक्रार कोणाकडनं लिवून घेणार? त्याच्याकडनंच घेतली.

हसा, हसलात तर बरंच हाय. तवा मी तावात होतो. त्याला समोर बसवला, बोललो, कागद घे, मालकांना पत्र लिवायचंय. कोणाबद्दल? बोललो, तुज्याबद्दल. पोऱ्यानं पेनाचं टोपण काढलं, तारीख घातली आन् बोलला, सांगा. मी एकेक सांगत गेलो — ह्याला मिठातलं काय कळत नाय, हा कामाच्या वक्ताला पुस्तक वाचतो, हा गडीमाणसांशी मिसळत नाय — आन् तो मान खाली घालून लिवत गेला. मदीच थांबला. मला वाटलं, आता रडतो का भांडतो. तर बोलला, "मुकादम, दुसरं कलम कच्चं आहे. नुसतं पुस्तक वाचतो म्हटलं तर मालक विचारतील, कधी? वार घाला." आन् वार त्यानंच सांगितला सायेब, मंगळवारी, दुपारी, दोन तास. मंग सगळं वाचून दाखवलं, माजा अंगठा घेतला, आन् सायकलीवर टांग मारून पनवेलच्या टपालात स्वतःच टाकून आला. मी विचारलं, तुला राग कसा नाय आला रे? तर बोलला, मी बोर्डिंगात चार वर्सं पोरांच्या खानावळीचा सेक्रेटरी होतो, डाळीत पाणी झालं की पोरं सेक्रेटरीवर तक्रार करायची, आन् विंग्रजी नीट लिवता येणारा मीच, म्हणून माझ्यावरच्या तक्रारी माझ्याकडनंच लिवून न्यायची. अकरा लिवल्या बोलला. तक्रार नीट लिवली की करणाऱ्याचा अर्धा राग तितंच जिरतो. खरं हाय ते. माजा तर अंगठा वाळायच्या आदी जिरला होता. पण कागद गेला तो गेलाच.

आन् गेला तो तुमच्या वडलांच्या, दाजीसायबांच्या खणात पडून ऱ्हायला. त्यांना कुठं वाचता येत होतं शेवटी शेवटी, आन् वाचून दाखवायला घरात कोण नवतं, तुमी मुंबईला. आता ते गेले, खण तुमी उघडलात, आन् कागद घेऊन थेट माझ्या पुढ्यात. म्हंजे मी मार्गशीर्षात मारलेला दगड मलाच चैत्रात लागला. तुमी आता ठरवणार, हा कारकून ठेवायचा का काढायचा. मालक तुमी, हुकूम तुमचा. पण सायेब, अंगठा माजा हाय तर तो परत घेण्याचा पण काय कायदा असंल ना? नाय? बरं. मंग एकेक कलम घ्या, मी उत्तर देतो. माझ्याच तक्रारीला मीच उत्तर देतो, त्यात काय, तो लिवतो तर मी बोलायला काय लाज.

पयलं कलम — मिठातलं कळत नाय. तवा नवतं कळत, ते खरं. पयल्या दिवशी बूट घालून कुंडीत उतरला, आन् आख्खी मीठ धरलेली कुंडी गढूळ करून वर आला. बायका तीन दिवस हसत होत्या. मी विचारलं, चार वर्सं कॉलेजात तू शिकलास तरी काय? बोलला, तत्त्वज्ञान. ते काय असतं? तर बोलला, माणूस खरोखर आहे की नाही, हे कशावरून ठरवायचं, याचा विचार. मी बोललो, हजेरीवरनं. तो हसला. बोलला, चार वर्सांत हे कोण बोललं नवतं. दुसरं कलम, पुस्तक. पुस्तक हाय अजून, पण ते आता डोक्यावर धरतो, ऊन आडवायला, जाड हाय ना चांगलं. वाचत नाय. वाचत असंल तर खालून वाचत असंल.

तर सांगायचं काय, की पुस्तकातलं त्याला काय उपयोगी पडलं ते मला विचारू नका. पण पुस्तकाच्या आजूबाजूला ही पोरं जे शिकतात ना सायेब, ते काय साधं नसतं. आता बघा — इथं गोडं पाणी नाय. पनवेलीहून होडी येते, शिवा आणतो, दोन पिंपं, त्यात चौतीस माणसं. होडी लागली की बायकांची अशी जुंपायची, की अर्धं पाणी चिखलात. भामा एकदा मैनेच्या डोक्यात हंडा घालून बसली होती. मी तीस वर्सांत काय करू शकलो? शिव्या देऊ शकलो. हा आला, दोन दिवस बघत बसला, आन् बोलला, आमच्या बोर्डिंगात चाळीस पोरं, एक नळ, सकाळी अर्धा तास. आज ज्याची बादली पयली, त्याची उद्या शेवटची, बाकी सगळी एकेक पायरी वर. बस. भिंतीला कोळशानं नावं काढली, वाचता येत नाय त्यांना खुणा — भामाला मासा, मैनेला कोयता. भांडण बंद. भामा मला काय बोलली ठाऊक हाय? बोलली, मुकादम, यवढं आमाला पण येत होतं, पण मंग सकाळी बोलायचं काय?

मंग ते सरकारी सायेब आले, नवी मापं समजवायला — मण गेले, किलो आले, दोन तास बोलले, भर दुपारी. आमी सगळे पेंगून एकमेकांच्या अंगावर. एकटा कमळाकर ताठ, डोळे उघडे, बरोब्बर जागेवर मान हलवतोय. सायेब यवढे खूश, बोलले, असा ऐकणारा मला कुलाबा जिल्ह्यात नाय भेटला. आन् जायच्या आदी आमचं तोललेलं मीठ पास करून गेले, एरवी चार चार दिवस रखडवतात. मी बोललो, शाबास रे, काय काय बोलले ते आता मला सांग. बोलला, मुकादम, मी झोपलो होतो. डोळे उघडे ठेवून झोपतो तो, सायेब. समोरचा माणूस "म्हणून" बोलला की मान हलवायची, बाकी विश्रांती. तत्त्वज्ञानाच्या तासाला शिकला. आता — हे नको होतं मला सांगायला. तुमी लिवू नका ते. मी आपला गुण म्हणून सांगत होतो.

बरं, तिसरं कलम. हां, ह्याच्याखाली तुमी तांबडी रेघ मारलीय. गडीमाणसांशी मिसळत नाय, कोणाला नावानं ओळखत नाय. हे मात्र साफ खोटं हाय. मीच सांगितलेलं, पण खोटं हाय. सायेब, ह्या आगरावरचं एकेक माणूस तो नावानं नाय, गळ्यानं ओळखतो. कोण कसा खाकरतो, कोण कसा ओ देतो, कोणाचा आवाज सकाळी बसलेला असतो — सगळं त्याला कळतं, तुमच्या वडलांना कळायचं तसं. तेवढा कान तर माजा पण नाय. अहो, ओळखत नसता तर त्या दिवशी एकतीस माणसांच्या — नाय. काय नाय. चहा आला बघा. गोदू, बशी दे.

काय एकतीस? एकतीस कुठं, मी आपलं तोंडाला आलं ते बोललो. नाय, तसं लपवण्यासारखं काय नाय त्यात. म्हंजे झालं असं, की माघातल्या पुनवेला हजेरीच्या वक्ताला एकतीस माणसं जरा लांब होती. लांब म्हंजे बांधावर. आगराच्या नाय, आमच्या बांधावर, गव्हाणच्या, शेतांच्या. सायेब, तुमी असं बघू नका, मंग मला सांगता येत नाय. उधाणाचं पाणी मध्यरातीला चढलं आन् बांधाला खांड गेली, चार माणसं झोपतील यवढी, आन् दुपारच्या भरतीला ती चाळीस माणसं झोपतील यवढी झाली असती. खारं पाणी एकदा शेतात निजलं की तीन वर्सं भात नाय. आन् खांड गेली की आमच्यात निरोप नाय, विचारणं नाय, हाळी पडली की घरातलं चालतं माणूस टोपली घेऊन निघतं. जो जाणार नाय, त्याच्या दारात पुन्हा कोण विस्तव मागायला येत नाय, त्याच्या पोरीच्या हळदीला कोण बसत नाय. हा आमचा कायदा. आन् तुमचा कायदा, की हंगामात बिनरजेचा गैरहजर, त्याच्या वाट्याची कुंडी गेली. दोन कायद्यांच्या मदी माणूस एकच, सायेब, त्यानं कुठं उभं ऱ्हायचं? रजा मागायची तर एकतीस जणांना एका दिवशी रजा कोण देतो, आन् मागायला पनवेलीत जाईपर्यंत बांध वाहून जातो.

आन् नेमकी त्याच दिवशी दाजीसायबांची हजेरी. महिन्याच्या पुनवेला टांग्यानं यायचे, तुमाला ठाऊक हायच. दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं, टांगेवाला हात धरून इथं ह्याच कचेरीच्या ओट्यावर खुर्चीत आणून बसवायचा. कागद नाय, काय नाय, चौतीस नावं तोंडपाठ, आन् ओ ऐकून सांगायचे, गणूला पडसं झालंय, मैनेला दिवस गेलेत. त्यांना त्याचा भारी अभिमान. आन् त्या दिवशी आगरावर माणसं किती? मी, गोदू, आन् होडीवाला शिवा. मी तर कपाळाला हात लावून बसलो. टांग्याची घंटा ऐकू यायला लागली. आन् हा कमळाकर मला विचारतो, "मुकादम, दाजीसाहेब हजेरी डोळ्यांनी घेतात की कानांनी?" मी बोललो, कानांनी. "मग झालं," बोलला, आन् गेला त्या समोरच्या मिठाच्या राशीमागं.

कॉलेजात सात जणांची हजेरी लावायचा तो. सात जण दुपारच्या शिनेमाला, आन् हा एकटा वर्गात बसून सात गळ्यांनी "येस सर". एक जाडा, एक किनरा, एक कोकणातला, एक नाकात बोलणारा. प्रोफेसर मान वर करत नाय, सगळे हजर. बदल्यात ते सात जण ह्याला शिनेमाची गोष्ट सांगायचे, म्हणून ह्यानं एक पण शिनेमा बघितला नाय, पण सगळे ठाऊक. तुमीपण कॉलेजात होतात ना सायेब? तुमची कोण लावा — नाय, मी कशाला विचारू. पण हसलात म्हणून बोललो.

तर दाजीसायेब बसले, पाणी प्याले, आन् पुकारलं — गणू. राशीमागं गप्प. मी मनात बोललो, गेला, ह्याच्या घशाला कोरड पडली. दाजीसायेब पुन्हा वरडले, गणू, बहिरटा! तवा राशीमागनं घोगरा आवाज — आलो की, यवढं वरडायचं काय? अहो, गणू एका हाकेला कवा ओ देतो? कानानं जड हाय. पोऱ्यानं पयली हाक मुद्दाम सोडली होती. दाजीसायेब खूश, माझ्याकडं तोंड करून बोलले, सुधारणार नाही हा. मंग भामा — भामाची ओ तक्रारीशिवाय येत नाय, तर आतनं बायकी आवाजात, हाय, पण पिंप अजून अर्धंच हाय. बायकी आवाज त्याला येतो, कॉलेजच्या नाटकात लुगडं नेसायचा. मैना आन् कृष्णाबाई ह्या जावा, पाच वर्सं एकमेकींशी बोलत नायत, एक आगराच्या उजव्या टोकाला ऱ्हाते, एक डाव्या. दाजीसायबांना ते ठाऊक. मंग पोऱ्या मैना म्हणून उजवीकडनं ओ द्यायचा आन् कृष्णाबाईसाठी राशीला वळसा घालून डावीकडं धावायचा, अनवाणी, मिठावरनं. मी इथनं नुसती त्याची टाच बघत होतो. आन् रंभा तर नवी सून, मोठ्या माणसांसमोर तोंड उघडत नाय, नुसत्या बांगड्या वाजवते. आता बांगड्या कुठनं आणायच्या? कचेरीच्या किल्ल्यांचा जुडगा होता त्याच्या कंबरेला. तो वाजवला. दाजीसायेब बोलले, नव्या बांगड्या भरल्या वाटतं पोरीनं.

असे तीस झाले सायेब. तीस. गोदू पदर तोंडात कोंबून बसली होती, शिवा होडीत आडवा पडून हसत होता. आन् मी मनात बोललो, सुटलो, एक नाव ऱ्हायलंय, ते काय पुकारणार नायत. तर दाजीसायबांनी काठीवर हनुवटी ठेवली, आन् पुकारलं — काशिराम.

आता काशिराम कोण, तुमी लहान होतात, तुमाला आठवत नसंल. माझ्या आदी तो मुकादम होता. तुमचे वडील आन् तो एका वयाचे, ह्याच खाडीत दोघं पवायला शिकले. अख्ख्या आगरावर तोच एक त्यांना नुसतं दाजी बोलायचा, सायेब नाय, शेठ नाय. कमळाकर आला तवा सगळे हसत होते, मी तक्रारी लिवून घेत होतो, एकटा काशिराम त्याला घेऊन कुंडीच्या काठावर बसायचा. मीठ धरायला लागलं की बारीक तडतडतं, ते ऐकायला त्यानं शिकवलं त्याला. दोन महिने दोघं असे मान वाकडी करून बसलेले दिसायचे. आन् पौषात काशिराम तापानं गेला. तीन दिवसांत. दाजीसायबांचं काळीज नाजूक, डॉक्टरनं बजावलेलं, म्हणून आमी कोणीच त्यांना कळवलं नाय. कागदावर नाव तसंच होतं, हंगाम संपेपर्यंत कुंडी घरात ऱ्हाते, त्याच्या जागी बायको सखूबाई मीठ ओढत होती. मागच्या पुनवेला बोललो होतो, पडसं झालंय, घरी निजलाय, म्हणून वाटलं होतं आता त्याला पुकारणार नायत. ह्या खेपेला काय बोलणार?

मी उठलो, कायतरी थाप मारायला तोंड उघडलं. आन् राशीमागनं आवाज आला — "हाय रे, दाजी."

सायेब, माझ्या हातावर बघा, अजून काटा येतो. तोच. तसाच ओढून बोललेला. गोदूचा पदर तोंडातनं पडला. दाजीसायेब आवाजाकडं फुडं वाकले. मंग हळूच बोलले, "काशा, गुडघा कसा आहे रे?" मी मनात बोललो, आता मेला पोऱ्या, ओ देणं वेगळं, बोलणं वेगळं. तर तिकडनं — "गुडघा ऱ्हायला मागं, मी आलो फुडं." हे काशिरामचं नेहमीचं, सायेब, विचारील त्याला हेच सांगायचा. तुमचे वडील हसले. डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसले, आन् मंग पाणी काय थांबेना. रुमाल काढून पुसत बसले. आन् उठले. बोलले, हजेरी पुरी आहे.

मी त्यांना धरून टांग्यापर्यंत नेलं. टांग्यात बसले आन् माजा हात सोडलाच नाय. बोलले, "जगन, काशाच्या दहाव्याला मी आलो होतो. टांगा आंब्याखाली उभा करून बसलो होतो. तुम्ही मला सांगितलं नाहीत, म्हणून मीही सांगितलं नाही." मी पायच धरले. तर बोलले, "बांध पुरा झाला की मला कळव. आणि काशाची कुंडी सखूबाईच्या नावावर लिहून घे, त्या पोराकडून. त्याला म्हणावं, आज बरं वाटलं." बस, यवढंच. सगळं ठाऊक होतं त्यांना, सायेब. पयल्या गणूपासनं ठाऊक होतं. टांग्यातनं येताना आमची बांधावरची माणसं त्यांनी ऐकली नसतील असं होईल का? मी मंग राशीमागं गेलो. पोऱ्या मिठात बसला होता, तळपाय फाटून रक्त आलेलं, त्यात मीठ, आन् रडत होता. पायासाठी नाय. बोलला, मुकादम, मी काय केलं हे? मी बोललो, चांगलं केलंस. मला तवा त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण मुकादम कारकुनाला जवळ कसा घेणार. पाणी आणून पायावर वतलं, गोडं पाणी, एक आख्खा हंडा.

हे सगळं मी तुमाला का सांगितलं? सांगायचं नवतंच. मी आपला तिसऱ्या कलमाचं उत्तर देत होतो. आता तुमच्या हातात एकतीस माणसांच्या कुंड्या आन् एका पोऱ्याची नोकरी एकदम आली, ती पण माझ्याच तोंडानं. माजी आयस बोलायची, जगन्याच्या पोटात काय ऱ्हात नाय, मिरची पण नाय आन् गोष्ट पण नाय. सायेब, कायद्यानं कोणाला काढायचंच असंल तर मला काढा. खोटी हजेरी झाली तवा मुकादम मी होतो. माजी पोरं मोठी झाली, मी खाडीत जाळं टाकीन, काय पण करीन. पण त्याला ठेवा. मी त्याच्यावर कागद घातला, आन् आता मीच सांगतो, असा माणूस ह्या आगराला पुन्हा मिळणार नाय.

कुठं उठलात? बसा ना. कुंड्या बघायच्यात? आताच? अहो ऊन — बरं. नाय, सायेब, थांबा. दारात थांबा जरा. आता यवढं सांगितलं, तर हे पण सांगतो, तुमी बाहेर जाऊन बघणारच. बाहेर कोण नाय. कुंड्यांवर आज कोण पण नाय. चैत्रातली पुनव, आज तेवढंच उधाण, नवा घातलेला बांध, त्याची माती अजून बसली नाय. सगळी बांध राखायला गेलीत पहाटेला. सखूबाई पण. तुमी अचानक याल हे कोणाला ठाऊक? मी तुमाला मघापासनं इथं बसवून ठेवलं ते त्यासाठीच. ऊन, चहा, खुर्चीचा पाय — सगळं त्यासाठीच. कमळाकर तेवढा हाय, तिकडं राशीपाशी, पाट्या मोजतोय. झालं. आता माझ्या पोटात काय उरलं नाय.

काय बोललात? हजेरीचं पुस्तक? हे घ्या. खिळ्याला टांगलेलं असतं. तांबडी शाई पायजे का, नावं कापायला? नको? बरं. मंग — पुन्हा खुर्चीतच बसलात? ओट्यावर नेऊ खुर्ची? नेतो, नेतो, सरका. इथं ना? इथंच बसायचे ते पण. तोंड राशीकडं करून. हां.

पण सायेब, चष्मा का काढून ठेवताय? चष्म्याशिवाय तुमाला दिसत नाय ना काय, मघाशी तुमीच — आन् पुस्तक मिटलंत? मंग नावं कशी वाचणार? ... तुमाला पण तोंडपाठ हायत? कधीपासनं? ... वडलांच्या तोंडनं ऐकून ऐकून? ... हां. हां सायेब. पुकारा. मोठ्यानं पुकारा, वारा उलटा हाय. गणूला दोनदा पुकारायला लागतं. मी गप बसतो.